ग्यानबाचं विसरणं

ग्यानबा विसरभोळा आहे, हे मला लग्न होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी कळलं. सासूबाईंनी सांगितलं, "बाजारातून काई आणायचं आसंल तर ग्यानबाला सांग. पण दोन डाव सांग. त्याच्या डोस्क्याला भोक हाय." मी परभणीची. पायात चप्पल सरकवून कोपऱ्यावर गेलं की दुकान, अशा गल्लीत वाढलेली. इथे बाजार आठवड्यातून एकदा, तोही चार कोसांवर मानवतला, आणि तिथून आपली वस्तू एक धनगर तट्टावर लादून आणणार, तीसुद्धा त्याला आठवली तर. सासर म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं.

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. आमचं गाव दुधना नदीच्या काठी, चाळीसेक उंबऱ्यांचं. रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची आणि एस.टी. फाट्यावरूनच पुढे निघून जायची. पूर्वी लोक आपापले बाजाराला जायचे. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात नामांतराची दंगल झाली, गाड्या बंद पडल्या. भ्यायचं खरं कारण ज्यांना होतं ती माणसं वेगळी होती, घरं त्यांची जळत होती. पण बाजाराला जायचं आमच्याही घरचे टाळू लागले. ग्यानबाला बोकड विकायला जाणं भाग होतं. जाता जाता एकाने त्याला मीठ सांगितलं, दुसऱ्याने काडीपेटी. दंगल शमली, गाड्या सुरू झाल्या, तरी गावाची सवय काही गेली नाही. आयतं दारात यायला लागलं की कोण पाय झिजवतो? मोबदल्यात सुगीला प्रत्येक घरातून त्याला पायलीभर ज्वारी मिळायची, आणि वर्षभर शिव्या.

उंच, वाळका माणूस. डोक्याला विटका पटका, खांद्यावर घोंगडी. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या झाडाकडे बघायचा. बायको कासाबाई. एकच मुलगी, ती पाथरीकडे दिलेली. घरात पन्नासेक मेंढरं, चार शेळ्या, एक म्हातारं तट्टू. बाजाराच्या सकाळी गाव त्याच्या अंगणात जमायचं, आपापली पिशवी, बाटली, पैसे द्यायचं, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा तिथेच जमायचं. चार कोस जाणं, चार कोस येणं, तेही चालत, कारण तट्टावर सामान. परतला की तो ओट्याला टेकून डोळे मिटायचा आणि डोळे मिटूनच सांगायचा, ही पिशवी भगवानरावची, ती बाटली बायनाबाईची.

पहिल्या बाजाराला मी त्याला पावडरचा डबा, प्लास्टिकची फुलं आणि निळ्या नक्षीच्या कपबशा सांगितल्या. तो गूळ घेऊन आला, सासूबाईंचा हिंग घेऊन आला, माझे पैसे फडक्याच्या गाठीत होते तसे परत दिले.

"इसरलो की सूनबाई."

"तिन्ही गोष्टी?"

"तिन्ही," तो माझ्या मागच्या लिंबाला म्हणाला.

मी चिडले. चिडणं माझ्या अंगातच आहे, आमचे हे अजून सांगतात. रडलेसुद्धा असेन. पण पुढचा बाजार आला तेव्हा प्लास्टिकच्या फुलांचं मी नाव काढलं नाही. राग धरून गप्प बसले असं नाही. खरोखर डोक्यातून गेली होती. आमच्या ओसरीवर ती कुठे ठेवणार होते? पावडर आणि कपबशा मात्र मी पुन्हा सांगितल्या, आणि त्या आल्या.

दिवाळीनंतर कापूस मानवतच्या जिनिंगला गेला की आमचं गाव आठ दिवस वेडं व्हायचं. कुणाला बटण दाबून उघडणारी छत्री हवी, कुणाला रेडिओला वेलवेटचं कव्हर. माझ्या नवऱ्याला, चंद्रभानला, काळा गॉगल हवा होता. मेव्हण्याच्या लग्नात कुणाच्या तरी डोळ्यावर बघून आला होता. औत हाकताना गॉगल! ग्यानबा तो विसरला. नवऱ्याने त्याला आईबहिणीवरून ऐकवलं, दोन दिवस धुसफुसला, आणि तिसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "कसला गॉगल?" नव्याचे नऊ दिवस म्हणतात. आमच्याकडे वस्तू दारात यायच्या आतच ते नऊ दिवस संपून जायचे.

माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. चाळीस घरांचं सामान न लिहिता आणणारा माणूस. पन्नास मेंढरांतलं एक कमी असलं तर न मोजता सांगणारा माणूस. कंदिलाची काच तो कधी विसरला नाही, कुणाच्या पोराचं औषध विसरला नाही, बाळंतिणीचा डिंक विसरला नाही. आणि गॉगल तेवढा विसरला? एका दुपारी तो अंगणात मेंढरं कातरत बसला होता. मी सरळ जाऊन विचारलं, "मामा, तुम्ही मुद्दाम विसरता ना?"

कात्री थांबली.

"कुणाला म्हणू नगा," तो म्हणाला. "पैल्यांदा मागती ती नजर आस्ती, सूनबाई. दुसऱ्यांदा मागती ती जरुरत. मी नजरंचं वज्जं तट्टावर लादत न्हाई."

"आणि शिव्या खाता त्या?"

"शिव्यांला वजन न्हाई."

मग उठून त्याने आतून एक फडकं आणलं. त्यात मनगटी घड्याळ होतं, पट्टा कडक होऊन चिरलेलं. जवानीत एकदा पाच बोकड एकदम विकले गेले, खिशात पैसा उड्या मारायला लागला, आणि त्याने मानवतच्या चौकात हे घेतलं. घरी येईपर्यंत चार कोस तो मनगट वर धरून चालला. घरी आल्यावर कासाबाईने विचारलं, "किती वाजले?" तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला घड्याळ वाचता येत नाही.

"मेंढरामागं फिरणाऱ्याला दिवस कुठं आलाय ते वर बगितलं की कळतं," तो म्हणाला. "त्या साली घरात लुगडं आलं न्हाई, हे आलं. तवापासून मी बाजारात हात घोंगडीच्या आत ठिवून फिरतो."

मी ते गुपित ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्याचा फायदाच झाला. दर बाजाराला मी एखादी फालतू गोष्ट मुद्दाम एकदाच सांगायची, तो विसरायचा, आणि मागितल्याचं सुख मला फुकटात मिळायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, ते असं. हळूहळू तेही कमी झालं. घरातलं काम, शेतातलं काम, दोन बाळंतपणं. हवंसं वाटायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता. मग मी दमले की ग्यानबाच्या अंगणात जाऊन बसायची.

त्या घरात वस्तू अशी नव्हतीच. दोन घोंगड्या, चार भांडी, एक पाटा. कासामामी शेळीच्या दुधाचा आलं घातलेला चहा करायची आणि ग्यानबा लोकरीचं सूत काढता काढता बिरोबाची ओवी म्हणायचा. मेंढरांच्या रवंथाचा आवाज चालू असायचा. दिवसभराचा शीण पायातून जमिनीत उतरून जायचा. परभणीला माहेरी गेले तर तिथे टीव्ही आला होता, सोफा आला होता, आणि आई सारखी त्याच्यावरची धूळ पुसत होती. मला आपलं ग्यानबाचं अंगण आठवायचं. एवढ्या कमी गोष्टींत एवढं बरं वाटतं हे मला त्या दोघांनी शिकवलं. दोघांनी असं मी तेव्हा समजत होते.

कासामामी बोलायची थोडं. ठेंगणी, रुंद हाडाची, कपाळभर कुंकू. तिच्या घरात एकच मोलाची वस्तू होती, माहेरहून आलेली तांब्याची घागर. रिकामी घागरसुद्धा मला एका हाताने उचलत नसे. उन्हाळ्यात गावातला आड आटायचा आणि आम्ही सगळ्या बायका नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायचो. अर्धा कोस जाणं, वाटीवाटीने घागर भरणं, अर्धा कोस चढ चढून येणं. दिवसातून चार खेपा. मामीच्या मागे मेंढरं होती, तिच्या सहा व्हायच्या. तिची तांब्याची घागर चकचकीत असायची, चिंच लावून घासलेली. बायका म्हणायच्या, कासाला घागरीचा लय गर्व.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या गावात पहिली प्लास्टिकची घागर आली. तानुबाईच्या सुनेने माहेरहून आणली, पिवळ्या रंगाची. झिऱ्यावर सगळ्याजणींनी ती आळीपाळीने उचलून बघितली. म्हाताऱ्या हसल्या, म्हणाल्या, खेळणं हाय, दोन दिवसांत फुटंल. मामीनेही उचलून बघितली.

त्या आठवड्यात बाजाराच्या सकाळी मी ग्यानबाकडे तेलाची बाटली द्यायला गेले होते. गाव पांगलं होतं. तो तट्टाचा पट्टा आवळत होता. कासामामी घरातून बाहेर आली. तट्टाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ते पिलास्टिकची घागर आली म्हणं बाजारात," ती म्हणाली. "तानुबाईच्या सुनंनं आणलीया. लय हलकी हाय."

"हां," ग्यानबा म्हणाला. "बगतो."

तिने पदराने घाम पुसला आणि आत गेली. ग्यानबाने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या मागच्या लिंबाकडे. मला ते बघणं ओळखू आलं. माहेरची तांब्याची घागर घरात असताना हिला प्लास्टिक कशाला, नजर फिरलीया, असं त्याच्या मनात होतं आणि तेच माझ्याही मनात आलं. मी मनातल्या मनात हसले. पुढच्या बाजाराला मागेल, आणि तो आणेल. त्यात काय?

संध्याकाळी तो आला. बाकीचं सगळं आणलं होतं. मामीने पिशव्या उतरवायला हात लावला, एकदा तट्टाच्या दोन्ही अंगांना बघितलं.

"इसरलो," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला ती बोलली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मात्र दोन डाव सांगून माझी घागर मागवली. निळी. मग बायनाबाईने मागवली, मग भगवानरावच्या घरी दोन आल्या. वर्षाच्या आत निम्म्या गावाच्या घागरी त्या म्हाताऱ्या तट्टाच्या पाठीवरून आल्या. सुतळीने एकमेकींना बांधलेल्या रंगीत घागरी तट्टाच्या दोन्ही बाजूंना हलत यायच्या आणि कासामामीच्या अंगणात उतरायच्या. ती एकेक सोडून घ्यायची आणि विचारायची, "ही कुणाची?" ग्यानबा डोळे मिटून नाव सांगायचा. ती ज्याची त्याला देऊन टाकायची. मग आपली तांब्याची उचलून पुन्हा एक खेप करायला जायची.

मला दिसत होतं का? दिसत होतं. पण रोज दिसणारं माणूस कुठे बघतं? ग्यानबाला वाटायचं, तिला माहेरची घागर प्यारी. गावाला वाटायचं, गर्व. मला वाटायचं, तिला काही लागतच नाही, किती भाग्याची बाई! मीच चारचौघींत सांगायची, कासामामीकडे बघा, काही मागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि दिवा घेऊन मी आणि ग्यानबा उभे होतो.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मामीच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. आधी भाकरी थापताना, मग सारख्याच. एक दिवस झिऱ्याच्या चढावर तिच्या डोक्यावरून घागर गेली, वाळूत आपटून पोचा पडला, आणि ती खाली बसली ती उठेना. मान वळत नव्हती. जीपमध्ये घालून आम्ही तिला परभणीला नेलं. डॉक्टरांनी काचेवर फोटो लावून दाखवला. मानेची हाडं झिजलीत म्हणाले. डोक्यावर ओझं आता कधीच नाही.

"किती वर्षं वाहताय पाणी?" त्यांनी विचारलं.

मामीने ग्यानबाकडे बघितलं. ग्यानबाने भिंतीकडे.

घरी आल्यावर पाण्याचं काम ग्यानबावर आलं. शेजारच्या बायका आणून देत होत्या, पण त्याला ते लाजिरवाणं वाटलं असावं. पहिल्या दिवशी पोचा पडलेली तांब्याची घागर खांद्यावर घेऊन तो झिऱ्यावर आला तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भरलेली घागर खांद्यावर चढेना. मी आणि तानुबाईच्या सुनेने हात लावला. चढ चढताना तो तीनदा थांबला. घरी पोचला तेव्हा निम्मं पाणी त्याच्या अंगावर होतं. आठ कोस चालणारा माणूस, अर्ध्या कोसात काळाठिक्कर पडला होता.

असे चार दिवस गेले. पाचवा बाजाराचा. गावाने नेहमीसारख्या पिशव्या दिल्या, त्याने नेहमीसारखी मान हलवली आणि गेला.

दिवस मावळायच्या बराच आधी तो परतला. मी तिथेच होते. मामीच्या मानेला तेल चोळायला रोज जात होते. गाव जमलं आणि बघतच राहिलं. तट्टाच्या पाठीवर पिशव्या रिकाम्या लोंबत होत्या. गूळ नाही, मीठ नाही, भगवानरावच्या नातवाचं औषधसुद्धा नाही. फक्त एक प्लास्टिकची घागर सुतळीने बांधलेली होती. पिवळी.

"सामान कुठाय?" भगवानराव ओरडला.

ग्यानबाने पिशव्या बघितल्या. एकेक करून आतून चाचपल्या. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो खरंच विसरला होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा.

"इसरलो," तो म्हणाला, आणि या खेपेस कुणाच्या मागच्या झाडाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाला. पैसे ज्याचे त्याला परत गेले. लोक बडबडत पांगले. औषधासाठी भगवानरावने पोराला सायकलवर मानवतला पिटाळलं. अंगणात आम्ही तिघं उरलो.

ग्यानबाने सुतळी सोडली, घागर आणून कासामामीपुढे ठेवली. मामी ओट्यावर बसली होती, मान ताठ, माझा हात तिच्या मानेवर. तिने सवयीने विचारलं,

"ही कुणाची?"

"तुपली."

"मपली? मी कवा मागितली?"

"मागितली व्हतीस," ग्यानबा म्हणाला. "तानुबाईच्या सुनंनं आणली त्या साली. तट्टाच्या पाठीवर हात ठिवून म्हणलीस, लय हलकी हाय."

मामी घागरीकडे बघत राहिली. एक मेंढरू येऊन घागरीचं तोंड हुंगून गेलं.

"मंजी ध्यानात व्हतं," ती म्हणाली.

 ग्यानबा खाली जमिनीवर बसला. मग म्हणाला, "गाव दोनदा मागायचं, कासा. तू परत म्हणलीच न्हाईस. मी वाट बगत व्हतो."

"मला ठाव हाय की तुमची रीत. एकदा इसरायचं, दुसऱ्यांदा आणायचं. गावाला आज बी कळली न्हाई. मला पैल्या सालीच कळली व्हती."

"मंग कामून न्हाई मागितलीस?"

कासामामीला त्याच्याकडे बघायचं असावं, पण मान वळत नव्हती. ती समोरच बघत राहिली आणि अगदी हळू, राग नसलेल्या, थकलेल्या आवाजात म्हणाली,

"मी काय गाव हाय का?"

 ग्यानबा गुडघ्यावर हात टेकून उठला, पिवळी घागर उचलली आणि नदीच्या वाटेला लागला. आठ कोस चालून आलेला माणूस, पाणीसुद्धा न पिता. घागर त्याच्या हातात वाऱ्याने हलत होती, इतकी ती हलकी होती.

तिने घागर मागितली त्या सकाळी मीही तिथे होते. मलाही रीत ठाऊक होती. नुसतं म्हटलं असतं, मामा, ही आणा, तर सात वर्षं वाचली असती. हे मला तिला सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"सूनबाई," मामी म्हणाली, "हात थांबला व्हय तुमचा? जरा खाली दाबा. तितं लय दुखायलंय."

मी दाबत राहिले.